गाडी लोअर केल्यानंतर : सस्पेन्शन, उंची आणि आपले रस्ते यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात लोअर केलेली, म्हणजे मूळ उंचीपेक्षा खाली आणलेली, हॅचबॅक रोज चालवणाऱ्याला दोन प्रश्न नेहमी ऐकावे लागतात. तरुण मंडळी "किती खाली घेतली?" असे विचारतात आणि वडीलधारी "स्पीडब्रेकरवर काय करतोस रे बाबा?" असे विचारतात. खरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो, तो म्हणजे चाकाला वर जायला आता जागा किती उरली आहे. पुढची बरीचशी उत्तरे फिरून याच प्रश्नापाशी येतात. उदाहरणांसाठी पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा, पीळ खाणारा आडवा दांडा) असलेली नेहमीची हॅचबॅक धरली आहे, कारण आपल्याकडे लोअर होणाऱ्या गाड्यांत तिचीच संख्या जास्त असते.

गाडी लोअर केली की नेमके काय बदलते?

बाहेरून पाहणाऱ्याला टायर आणि मडगार्ड यांमधली फट कमी झालेली दिसते. आत मात्र एकाच वेळी बऱ्याच गोष्टी सरकतात. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, आणि बहुतेकांना हवा असतो तो एवढाच भाग. त्याचबरोबर शॉकअपचा दांडा मूळ जागेपेक्षा आत गेलेल्या अवस्थेत काम करू लागतो, चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा कोन बदलतो, टो (वरून पाहिले तर चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहिले तर चाकाचा कल) बदलतात, चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट वेगळ्या कोनात फिरू लागतात आणि चाक फार वर गेले की त्याला अडवणाऱ्या बंपस्टॉपचे रबर शॉकअपच्या अंगाला जवळ येते. कारखान्यात गाडी ठरावीक उंचीवर उभी असेल असे गृहीत धरून हे सगळे जुळवलेले असते. ती उंची बदलली की जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. हे काम ज्याला करायचे नसेल त्याने आकर्षक चाके घ्यावीत आणि उंचीला हात लावू नये.

मूळ स्प्रिंगच कापून घेतली तर काय बिघडते? खर्च तर नगण्य येतो.

माझ्या पहिल्या गाडीला हेच झाले आहे. "लोअरिंग स्प्रिंग बसवतो" असे सांगून एका गॅरेजने पैसे घेतले आणि मूळ स्प्रिंगचाच एक वेढा ग्राइंडरने उडवून परत बसवला. मला ते दोन महिन्यांनी कळले, तेसुद्धा खंबाटकी घाटातल्या एका उंचवट्यावर गाडी किंचित हलकी झाल्यावर पुढून ठण्ण असा आवाज आला म्हणून. चाक खाली लोंबकळले की कापलेली स्प्रिंग तिच्या बैठकीत सैल पडत होती आणि चाक वर आले की भलत्याच जागी बसत होती. स्ट्रट उघडला तेव्हा कापलेले टोक खालच्या बशीच्या कडेला घासून तिथला रंग गेलेला आणि पत्रा चकचकीत झालेला दिसला.

यामागचे गणित सोपे आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक काढला, तर उरलेली स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते. पण उंची कमी झाल्यामुळे शॉकअपचा जो स्ट्रोक, म्हणजे दांड्याला सरकायची जागा, गेला, त्याची भरपाई करायला हे २० टक्के पुरतीलच असे नाही, आणि मूळ शॉकअप तर त्या कडकपणासाठी बनवलेलाच नसतो. शिवाय स्प्रिंगच्या टोकाचा वेढा बैठकीत बसेल असा वळवलेला असतो. नेमका तोच कापला जातो. गॅसने तापवून स्प्रिंग दाबून बसवणे हा प्रकार तर याहून वाईट आहे, कारण त्याने पोलादाचे पाणीच उतरते आणि स्प्रिंग पुढे केव्हा बसेल किंवा तुटेल याचा भरवसा राहत नाही.

लोअरिंग स्प्रिंग घ्यावी की कॉइलओव्हर?

पंचवीस-तीस मिलिमीटरच उतरवायचे असेल आणि पुन्हा पान्याला हात लावायची हौस नसेल, तर त्या गाडीसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉकअप पुरेसे होतात. जुन्याच शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंग बसवण्याची काटकसर करू नये. स्प्रिंग जितकी कडक, तितका तिला आवरणारा शॉकअप दमदार लागतो. नाहीतर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलते आणि थकलेले शॉकअप लवकरच तेल सोडतात.

कॉइलओव्हरमध्ये (स्प्रिंग, शॉकअप आणि आटीवर फिरणाऱ्या कड्यांचा संच) उंची आणि बहुतेक संचांत डॅम्पिंगही, म्हणजे शॉकअपचा रोधही, बदलता येते, पण ते वेळोवेळी पाहावे लागते, धुवावे लागते आणि मोजावे लागते. ज्यांना हे काम आवडते त्यांनीच ते घ्यावे. हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनने गतिरोधकापुरती गाडी उचलता येते ही मोठीच सोय आहे. मात्र कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या आणि सांधे मिळून बिघडू शकणाऱ्या वस्तूंची यादी बरीच लांबते.

आपल्या रस्त्यांवर किती खाली जाणे शहाणपणाचे आहे?

माझ्या मते रोज चालणाऱ्या गाडीसाठी २५ ते ३० मिलिमीटर. चाळीसला कसरत सुरू होते, आणि त्यापुढे रस्ता निवडून गाडी काढावी लागते.

हा आकडा ठरवताना एकट्याने बसून मोजू नये. समजा मागच्या चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला दोन किलो आहे. गणपतीला कोकणात जाताना मागे तीन माणसे बसली, डिकीत बॅगा आणि पूजेच्या साहित्याची खोकी चढली आणि प्रत्येक मागच्या चाकावर ७० किलो वाढले, तर गाडीचा मागचा भाग उभ्याउभ्याच ३५ मिलिमीटर खाली बसतो. म्हणजे ज्याने आधीच ४० मिलिमीटर उतरवली आहे, त्याची गाडी निघतानाच मूळ उंचीपेक्षा ७५ मिलिमीटर खाली आहे, आणि खड्ड्यांत चाक वर जाण्यासाठी लागणारा स्ट्रोक यातूनच काढायचा आहे. मागून धाडधाड असे जे आदळे बसतात ते बहुतेक वेळा कडक स्प्रिंगमुळे बसत नाहीत. स्ट्रोक संपून गाडी बंपस्टॉपवर बसल्यामुळे बसतात. अशा वेळी "स्प्रिंग फार कडक आहे" असे समजून मऊ स्प्रिंग घेतली, तर आदळे वाढतात.

गतिरोधकांवर गाडी खालून लागते. चूक गाडीची की गतिरोधकाची?

हे मोजून पाहता येते, आणि मोजल्यावर जे निघते ते थोडे अनपेक्षित आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांतला गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. तो ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने ओलांडावा अशी अपेक्षा आहे. आता २०१८ नंतरच्या स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २४५० मिलिमीटर आणि कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) १६३ मिलिमीटर आहे. गाडी गतिरोधकाच्या मधोमध असताना तिची चारही चाके गतिरोधकावरच असतात, कारण त्याची रुंदी व्हीलबेसपेक्षा जास्त आहे. अशा वेळी पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर त्या गोलाईचा जो भाग येतो तो अवघा ४४ मिलिमीटर. म्हणजे चाळीसने उतरवून १२३ मिलिमीटर उरलेली गाडीसुद्धा प्रमाण गतिरोधकावरून तळाला जवळजवळ ८० मिलिमीटर जागा राखून जाते.

आता गल्लीच्या तोंडाशी एका रात्रीत उगवलेला, १० सेंटिमीटरच उंच पण जेमतेम अर्धा मीटर रुंद असा डांबराचा उंचवटा घ्या. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पुरताच मावतो आणि त्याची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. १२३ मधून १०० गेले, २३ उरले. आणि मागे तीन माणसे असतील तर हे २३ सुद्धा उरत नाहीत. मूळ उंचीची गाडी भरलेली असताना अशा ठिकाणी का घासते, हेही यावरून कळावे. थोडक्यात दोष बहुधा गतिरोधकाचा असतो. पण चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) आपला फुटतो.

ओलांडण्याची रीत अशी : ब्रेक गतिरोधकावर चढण्यापूर्वीच सोडावा, कारण ब्रेक दाबलेला असताना नाक खाली झुकते आणि नेमके तेव्हाच ते वर हवे असते. अरुंद आणि उभ्या गतिरोधकावर गाडी तिरकी घालावी, म्हणजे एका वेळी एकच चाक उतरते आणि पोटाखाली पूर्ण पोकळी तयार होत नाही. मात्र तिरकी घालण्यापूर्वी दोन्ही आरसे पाहावेत. आपण डावीकडे सरकलो की मोकळ्या झालेल्या जागेतून दुचाकी येणार हे गृहीतच धरावे.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार कसा काढावा?

तिरका, सावकाश, आणि शक्य असेल तेव्हा एकट्याने. उताराच्या माथ्यावर पोट आणि पायथ्याशी बंपरचा ओठ लागतो. व्हीलबेस २४५० असताना १६३ मिलिमीटर उंचीची गाडी माथ्यावरचा सुमारे १५ अंशांचा मोड काढू शकते; उंची १२३ झाली की हा कोन साडेअकरा अंशांपर्यंत घसरतो. घर भाड्याने घेण्यापूर्वी नळाला पाणी किती वेळ येते हे विचारतात, तसा हा उतारही गाडी नेऊन पाहावा.

उंची कशी मोजायची आणि कॉइलओव्हर कसे लावायचे?

जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि टायरची झीज त्या मापात मिसळते. चाकाच्या मध्यबिंदूपासून त्याच्या बरोबर वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे. काम सुरू करण्यापूर्वी चारही मापे वहीत लिहावीत. डावी-उजवी बाजू कारखान्यातूनच चार-पाच मिलिमीटर वेगळी असू शकते, आणि ती तफावत नंतर नव्या स्प्रिंगच्या माथी मारली जाते.

जागा सपाट हवी. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. गवंडी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन लेव्हल काढतात, तीच नळी इथेही उत्तम चालते : चारही टायरांपाशी पाण्याची पातळी पाहावी आणि कमी असेल तिथे टायरखाली फरशीचा तुकडा किंवा प्लायवूड ठेवावे. चालकाच्या आसनावर चालकाच्या वजनाइतका भार ठेवावा. ५० किलोची सिमेंटची गोणी आणि वर थोडे सामान, किंवा वेळ असलेला चुलतभाऊ, यांपैकी जे हाताशी असेल ते.

कॉइलओव्हरवर साधारणपणे दोन कड्या असतात, खालची कुलूपकडी आणि वरची स्प्रिंगला आधार देणारी. गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवावी, पाण्याच्या नळीने आट्या स्वच्छ धुवाव्यात, कोरड्या कराव्यात आणि मगच हुकाच्या पान्याने कुलूपकडी सैल करावी. मातीने भरलेल्या आटीवर कडी जबरदस्तीने फिरवली की ॲल्युमिनियमची आटी सोलून निघते आणि मग ती कडी छिन्नी लावूनच काढावी लागते. आटीची पिच, म्हणजे एका फेरीत कडी किती सरकते ते, आधी मोजून घ्यावी. ती दोन मिलिमीटर असेल, तर पाच पूर्ण फेऱ्यांत कडी १० मिलिमीटर सरकते आणि पुढच्या स्ट्रटवर गाडीची उंचीही जवळपास तेवढीच बदलते. मागे तसे होत नाही. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग चाकापेक्षा बिजागरीच्या अधिक जवळ बसवलेली असेल, तर कडीच्या १० मिलिमीटरचा परिणाम चाकापाशी बारा-तेरा मिलिमीटर दिसू शकतो.

गाडी खाली टेकवल्यावर लगेच मोजू नये. जॅकवरून उतरताना टायर जमिनीला चिकटून गाडी पाय आवळल्यासारखी वरच अडकून राहते. ती दहा-पंधरा फूट पुढे-मागे ढकलावी, बॉनेट आणि डिकी दोन-तीनदा दाबून सोडावी आणि मग फूटपट्टी लावावी. माप पाच मिलिमीटरच्या आत जुळले की थांबावे. एक कोपरा पुरता जुळवण्याच्या नादात समोरचा तिरका कोपरा हलतो, कारण गाडी चार पायांच्या टेबलासारखी वागते. एक पाय लांब केला की भार तिरकस पायांवर जातो आणि बाकीचे दोन मोकळे पडतात.

प्रीलोड (कडी फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला की सस्पेन्शन कडक होते, हे खरे आहे का?

एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगच्या बाबतीत नाही. गाडीचे वजन तेवढेच आहे, म्हणून गाडी जमिनीवर उभी असताना स्प्रिंग तेवढीच दाबली जाते; कडी वर नेल्याने गाडी उंच होते, कडक होत नाही. फरक पडतो तो स्ट्रोकच्या वाटणीत. कडी खाली आणून गाडी उतरवली की चाकाला वर जायची जागा कमी होते आणि खाली जायची वाढते. ज्या संचात शॉकअपचा खालचा भागच आटीवर फिरतो आणि उंची तिथून बदलता येते, त्यात शॉकअपचा स्ट्रोक तसाच राहतो. पैसे खर्च करायचेच असतील, तर माझ्या मते ते या सोयीसाठी करावेत. पण त्यातही टायर आणि मडगार्ड यांतली जागा कमी होतेच, हे विसरून चालणार नाही.

डॅम्पिंगच्या क्लिकांचे काय करायचे?

आधी शॉकअपवरची डॅम्पिंगची खुंटी घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करावी आणि तिथून उलट मोजत यावे, कारण मोजणी सुरू करायला बंद टोक हीच खात्रीची जागा असते. मधल्या क्लिकवर सुरुवात करून रोजच्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने गाडी चालवावी आणि एका वेळी दोनच क्लिक बदलावेत. चारही कोपरे आणि टायरची हवा एकदम बदलली, तर कशामुळे काय झाले ते कळत नाही.

गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन शांत व्हावी. ती पुन्हापुन्हा डुलत असेल तर रिबाउंड (चाक परत खाली येतानाचा शॉकअपचा रोध) कमी आहे, म्हणून दोन क्लिक घट्ट करावेत. याच्या उलट चूक ओळखणे अवघड असते आणि म्हणून बरेच जण त्यात फसतात. टोलनाक्याआधी लागोपाठ येणाऱ्या रम्बल पट्ट्यांवर पहिल्या दोन पट्ट्या गुळगुळीत जातात आणि पुढच्या अधिकाधिक टोचू लागतात, असे झाले तर रिबाउंड जास्त आहे. प्रत्येक पट्टीवर चाक वर जाते, पण पुढची पट्टी येण्याआधी शॉकअप त्याला पुरते खाली येऊ देत नाही. गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर टेकते. चालक "अजून कडक हवे" म्हणून आणखी दोन क्लिक घट्ट करतो, आणि गाडी आणखी खाली बसते.

टायर आतल्या बाजूने लवकर झिजतात. कॅम्बरमुळे का?

काही अंशी. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा टो असतो. चाक सरळ दिशेपासून एक अंश वळलेले असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासत जाते. अंशाच्या दहाव्या भागाचा फरक असला तरी किलोमीटरला पावणेदोन मीटर. उंची बदलली की स्टिअरिंगचा टाय रॉड आणि लोअर आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात म्हणून टो हमखास बदलतो. कॅम्बर उणे एक-दीड अंशापर्यंत गेला आणि टो बरोबर असला, तर टायर बरेच चालतात. कॅम्बर कमी असूनही टो बिघडलेला असेल, तर टायरच्या आतल्या कडेच्या तारा दिसू लागेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टो बिघडला आहे, त्याला यंत्राची गरज नाही.

उंची बदलल्यावर त्याच दिवशी कामचलाऊ टो लावून घ्यावा आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्या की पक्के अलाइनमेंट करावे. दुकानातून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागून घ्यावेत आणि आकडे वाचावेत, फक्त हिरवा रंग पाहू नये. "ह्या गाडीला कॅम्बर ॲडजस्टच होत नाही" असे उत्तर मिळेल. ते पुष्कळदा खरेही असते. स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री बोल्ट घातला की थोडी जागा मिळते. मागच्या टॉर्शन बीममध्ये स्टब ॲक्सलच्या (चाक बसते त्या आखूड आसाच्या) मागे शिम (पातळ चकती) घालण्याखेरीज फारसा उपाय नसतो.

लोअर करूनही गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकते असे वाटते. असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि भास म्हणून ते सोडून देऊ नये. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर लोअर आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी उतरवली की गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा रोल सेंटर जास्त खाली जातो. दोघांमधले अंतर, म्हणजेच गाडीला कलवणारी तरफ, वाढते. स्प्रिंग पुरेशा कडक नसतील तर गाडी जास्त झुकते.

तपासणी पाना न लावता करता येते. गाडी चाकांवर उभी असताना बाजूला आडवे होऊन लोअर आर्म पाहावा. चाकाकडचा बॉल जॉइंट सांगाड्याकडच्या रबरी बुशपेक्षा खाली किंवा त्याच्या पातळीत असेल तर ठीक. तो बुशच्या वर गेलेला दिसला, तर गाडी गरजेपेक्षा खाली आहे, मग ती कितीही देखणी दिसो.

काम झाल्यापासून पुढून आवाज येतात. गॅरेजवाले म्हणतात, "लोअर गाडी आहे, चालायचंच."

चालू देऊ नये. आवाज हा लोअर गाडीचा स्वभाव नाही. कुठेतरी काहीतरी सैल, ताणलेले किंवा घासणारे असल्याशिवाय आवाज येत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते लोअर आर्मच्या बुशकडे. त्या बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेले असते; ते फिरत नाही, पीळ खाते. गाडी जॅकवर, चाके लोंबत असताना बोल्ट घट्ट केला, तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत पक्के होते आणि गाडी खाली टेकताच कायमचे पिळलेले राहते. आधी कुरकुर, मग चिरा, आणि काही महिन्यांत बुश फाटते. बोल्ट आधी नुसता अडकवून ठेवावा, गाडी चाकांवर उभी करावी आणि मग ठरलेल्या टॉर्कला आवळावा. हे फिटरला समोर उभे राहून सांगावे लागते. एकदा सांगितले की चांगला फिटर पुढच्या गाडीला आपणहून करतो.

त्याखालोखाल वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंक रॉडचा क्रम लागतो. उंची बदलल्यावर मूळ लांबीची लिंक बारला भलत्या कोनात किंवा ड्राइव्ह शाफ्टजवळ नेऊ शकते, म्हणून बऱ्याचदा आखूड लिंक लागते. स्टिअरिंग वळवताना टणकन आवाज येऊन स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटली, तर वरचे माउंट आणि बेअरिंग पाहावे.

पावसाळ्यात काय जपावे?

पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही ही अडचण सगळ्यांचीच. लोअर गाडीची वेगळी अडचण अशी, की इंजिनची हवा ओढणारे तोंडही तेवढेच खाली आलेले असते. शेजारची मूळ उंचीची तीच गाडी ज्या पाण्यातून गेली, त्यातून आपली जाईलच असे नाही. पाणी इंजिनात ओढले गेले की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याच्या खर्चापुढे सस्पेन्शनचा खर्च किरकोळ वाटतो.

कॉइलओव्हरच्या आट्या पावसाळ्याआधी धुऊन, जुन्या टूथब्रशने घासून, कोरड्या करून त्यांवर गंजरोधकाचा पातळ थर द्यावा. दाट ग्रीस थापू नये. त्यात चिखल बसतो आणि त्याची सहाणेसारखी लुकण तयार होते. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे पोलादावरची ॲल्युमिनियमची कडी जाम होते, म्हणून तिथे राहणाऱ्यांनी उंची बदलायची नसली तरी दर दोन-तीन महिन्यांनी कड्या एक फेरी फिरवून पुन्हा जागेवर आणाव्यात.

पंक्चर झाले किंवा गाडी बंद पडली तर?

पंक्चर काढणाऱ्याकडचा जॅक बहुधा खाली जाणार नाही. डिकीत दोन इंच जाडीची लाकडी फळी ठेवावी, गाडी तीवर चढवावी आणि मग जॅक लावावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. टोइंगसाठी सपाट पाठीची गाडीच मागवावी, आणि फोनवरच "गाडी लोअर आहे, फळ्या घेऊन या" असे सांगावे. नाक उचलून नेणाऱ्या क्रेनने मागचा बंपर रस्त्यावर खरडला जातो.

हेडलाइट पुन्हा लावावे लागतात का?

पुढची आणि मागची उंची सारखीच कमी झाली नसेल तर लागतात. मागची बाजू जास्त उतरली की झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

हे कायदेशीर आहे का? विम्याचे काय होते?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "सगळेच करतात" हे आरटीओच्या निरीक्षकासमोर उत्तर होत नाही. सार्वजनिक रस्त्यावर लोअर गाडी आणणारा माणूस ही जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो, आणि ती समजून घ्यावी.

विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि त्यांचे उत्तर पॉलिसीसोबत ठेवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी सर्वेक्षकाला दिसतोच, कारण तो गाडीच्या खाली वाकूनच पाहणी करतो. नव्या गाडीच्या सस्पेन्शनची वॉरंटी तर गेली असेच धरून चालावे.

काढलेल्या मूळ स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात द्यावेत का?

मुळीच नाही. पुसून, तेलाचा हात फिरवून, पुढचे-मागचे आणि डावे-उजवे अशी चिठ्ठी बांधून गोणपाटात गुंडाळावेत आणि माळ्यावर टाकावेत. शॉकअप शक्यतो उभे ठेवावेत. गाडी विकायला काढली की दहा ग्राहकांपैकी नऊ जण पहिला प्रश्न "ओरिजिनल सस्पेन्शन आहे का?" हाच विचारतात, आणि बाहेरगावी बदली होऊन रोजचा रस्ताच कच्चा निघाला, तर एका रविवारी फिटरला सोबत घेऊन गाडी पूर्ववत करता येते. नट-बोल्ट आणि वरची रबरी बैठकसुद्धा त्याच गोणपाटात, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी. शोधायची वेळ येते तेव्हा नेमकी तीच सापडत नाही.